भाकरी उडी मारत नाही

"थांबव! मागं घे. हां, तिथंच!" तनुजा एवढ्या जोरात ओरडली की सत्यमच्या हातातला माऊस सुटला.

मुरुडच्या शाळेत सुट्टीतलं व्हिडिओ शिबिर चालू होतं. कट कुठं मारायचा, जोड कसा लपवायचा, हे सकाळीच साहेबराव सरांनी शिकवलं होतं. ते गावात बातम्यांचं चॅनल चालवायचे. आता ते चहाला गेले होते, आणि पोरं त्यांच्याच चॅनलवरचा व्हिडिओ बघत होती. तो बघून तनुजाच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्यात तिची चांगुणाआत्या भाकऱ्या थापत म्हणत होती, "लेकरायला मी... किडका तांदूळ... शिजवून घालते."

आत्या शाळेतली खिचडी शिजवायची. व्हिडिओ गावभर फिरला होता. आज दुपारी शाळेची समिती तिला कामावरून काढणार होती, आणि आत्यानं कालपासून अन्नाला हात लावला नव्हता.

"तोंडाकडं नको, हाताकडं बघ," तनुजा म्हणाली. "'लेकरायला' म्हणताना भाकरी पुरीएवढी. 'किडका' म्हणताना ताटाएवढी. मधी थापली कुणी?"

"अन् 'शिजवून' म्हणताना तव्यावर!" शिल्पा म्हणाली. "भाकरी काय उड्या मारून राहिली का?"

"म्हंजी दोन कट हायत," सत्यम म्हणाला. "पण मूळ व्हिडिओ पायजे. न्हाईतर आपलं कोण ऐकतंय?"

साहेबराव भलतेच आळशी. पोरांच्या सरावासाठी निवडून काही देण्याऐवजी त्यांनी आपलं सगळंच चित्रण शाळेच्या संगणकावर ओतलं होतं. पोरं एकेक उघडत गेली, आणि सापडलं! ते पेन ड्राइव्हवर उतरतंय तोच दारात सर उभे.

"सर, तुमची मुलाखत घेऊ का?" शिल्पानं मोबाईल वर धरला. "तुम्ही एवढे मोठे कसे झालात?"

साहेबराव केस सारखे करून बोलायला लागले, ते थांबेचनात. सत्यमनं पेन ड्राइव्ह खिशात घातला.

दुपारी समितीपुढं पोरांनी आधी गावभर फिरलेला व्हिडिओ भिंतीवर लावला. "आगं बया, भाकरी आशी कशी वाढली?" समितीतल्या साखराबाई लगेच म्हणाल्या. मग मूळ व्हिडिओ लागला.

"लेकरायला मी पोटच्यावानी जपते. किडका तांदूळ आला की परत धाडते. चांगला आसंल तेवढाच शिजवून घालते."

पाठोपाठ साहेबरावांचा आवाज आला, "चांगुणाबाई, गुरुपादप्पा आपला दोस्त हाय. त्याचा तांदूळ परत धाडू नका, जड जाईल."

साहेबरावांचं तोंड उतरलं. शाळेला तांदूळ पुरवणारा गुरुपादप्पाही तिथंच बसला होता; तो हळूच उठून निघाला, तर साखराबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"शाब्बास पोरांनो! गावाची इज्जत राखली," समितीचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणाले. "चांगुणाबाईचं काम पक्कं. तुमचा सत्कार करू."

"सत्कार नको, काका," तनुजा म्हणाली. "ते खोटं तुम्ही पण पुढं धाडलं. गेल्या साली तुमचा नातू तापानं पडला, तवा आत्यानं त्याला पेज करून घातली. तिला विचारलं का एकदा तरी? ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलं, तिथं हे टाका. आत्ता. अन् माफी लिहा."

व्यंकटरावांनी मान खाली घालून खिशातून फोन काढला. मग दुसऱ्यानं काढला, मग तिसऱ्यानं.

शेवटच्या फोनवरून माफी जाईपर्यंत तनुजा दार अडवून उभी राहिली. मग ती आत्याला जेवायला बोलवायला घरी पळाली.