तीन पाकळ्यांचा झेंडा

मोहदरी नगरपरिषदेच्या गच्चीवर प्रेरणा स्टुलावर उभी राहून झेंडा मोजत होती, आणि झेंडा काही केल्या मोजून घेत नव्हता. दोरी सैल करून तिनं तो अर्ध्यावर उतरवला होता. जानेवारीचं कोवळं ऊन होतं आणि वारा नुसता खोड्या काढत होता. टेपचं एक टोक धरावं तर दुसरं निसटायचं, आणि दुसरं धरावं तर ओढणी तोंडावर यायची.

"वारा थांबायची वाट पाहून राह्यल्या का? मग रातीपर्यंत उभ्या राहसान."

प्रेरणानं वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी एक तरुण उभा होता. उंच, सावळा, गळ्यात शिंप्याची टेप, काखेत घडी केलेलं कापड आणि शर्टाच्या बाहीला हिरवा दोरा चिकटलेला.

"टोक धरू का?"

"धरा. पण ओढू नका, माप चुकते."

"कापड ओढू नये, हे मले शिकवून राह्यल्या?" तो हसला. "साडेचार फूट लांब, तीन फूट रुंद. घ्या लिहून. दरवर्षी दोन शिवतो मी. एक उन्हानं विटते, एक वाऱ्यानं फाटते."

हा गोपाल. बाजारातल्या घनश्याम टेलर्सचा मुलगा. विटलेला झेंडा उतरवून नवा चढवायला आला होता. आणि प्रेरणा होती राळेगावची. अमरावतीहून इतिहासात एम.ए. केलं होतं. नगरपरिषदेला यंदा पंच्याहत्तर वर्षं होत होती, म्हणून मोहदरीच्या झेंड्यांची एक पुस्तिका काढायचं काम तिला तीन महिन्यांसाठी मिळालं होतं. आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गावाच्या झेंड्यावर लिहिण्यासारखं असतं तरी काय? प्रेरणालाही आधी तसंच वाटलं होतं. मग तिला जुना झेंडा सापडला, गढीच्या बुरुजाचं चित्र असलेला. मग एकोणीसशे शहाऐंशीचा ठराव सापडला. त्या वर्षी बुरूज जाऊन वर हिरवा, खाली पांढरा आणि मधोमध कापसाचं बोंड असा आताचा झेंडा आला होता. आणि त्या ठरावातच ती अडकून बसली होती.

"तुम्ही शिवता ना? मग सांगा," ती स्टुलावरून उतरत म्हणाली, "या बोंडाले पाच पाकळ्या काहून?"

"बोंडाले पाचच असतात ना."

"तुमच्या हायब्रीडले असतील. ठरावात लिहिलं आहे, 'तीन पाकळ्यांचे उमललेले बोंड.' म्हणजे गावरानी कापूस. आमच्या वावरात अजून दोन ओळी गावरानी असते, बाबा हौसेनं पेरतात. त्याच्या बोंडाले बहुतेक तीनच पाकळ्या असतात."

गोपालनं झेंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"म्हणजे आमच्या घरानं चाळीस वर्षं चुकीचा झेंडा शिवला म्हणता?"

"ठरावाच्या विरोधात शिवला म्हणते. गुन्हाच आहे तो."

"मग शिक्षा करा... दुकानात या, चहा पाजतो."

अशी ती दुकानात गेली. आणि मग जातच राहिली. पहिल्या दिवशी बोंडाचा फर्मा बघायला, दुसऱ्या दिवशी जुन्या कापडाचे नमुने बघायला. तिसऱ्या दिवशी कशाला गेली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. मशीनच्या बाजूला एक लोखंडी खुर्ची होती. गोपाल सकाळीच ती फडक्यानं पुसून ठेवायला लागला.

"कोणासाठी पुसून राह्यले?" एकदा तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकासाठी."

"मी तर अजून रुमालही नाही शिवला तुमच्याकडून."

"तेच तर... उधार चढून राह्यली तुमच्यावर." तो मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागला. दोरा काही नेढ्यात जाईना. ज्याचे हात डोळे मिटून काजं करायचे, त्याला त्या दिवशी एक सुई जमेना, आणि प्रेरणा ओठ दाबून ते बघत बसली.

दुकानाच्या मागेच घर होतं. गोपालची आई, इंदुताई, आतून ओल्या तुरीच्या सोलेभाताची ताटली पाठवायची. कधी स्वतःच आणून द्यायची आणि उगाच दोन मिनिटं उभी राहायची. वडील घनश्यामकाका गावात 'झेंडेवाले' म्हणूनच ओळखले जायचे. शहाऐंशीत नगरपरिषदेनं घेतलेल्या स्पर्धेत झेंड्याचं चित्र त्यांचंच निवडलं गेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार ठरला होता. पण प्रेरणानं कधी विचारलं, "काका, हे चित्र सुचलं कसं तुम्हाला?" की काकांना नेमकं तेव्हाच कापड कापायचं असायचं.

"त्याईले नको विचारू बाई," इंदुताई आतून म्हणायच्या. "त्याईले आठवत नाही."

साडेपाचची राळेगाव एसटी प्रेरणाला सापडेनाशी झाली. पावणेसातची सापडायची. घरी ती सांगायची, रेकॉर्ड रूमचं काम वाढलंय. खोटं बोलताना तिला कसंनुसं व्हायचं. पण गाडी सुटताना गोपाल खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, "उद्या या... म्हणजे, काम असलं तर." मग त्या खोट्याचं ओझं तिला वाटायचंच नाही. ती त्याच्या प्रेमात पडली होती. यात आडपडदा ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि नेमकं तेव्हाच ते चित्र सापडलं.

तीन की पाच, याचा सोक्षमोक्ष लावायला मूळ चित्र हवं होतं. रेकॉर्ड रूमचे श्रावणभाऊ यंदा रिटायर होणार होते. त्यांनी शिडी लावून सगळ्यात वरचा लाल बस्ता काढून दिला. धूळ झटकत प्रेरणानं गाठ सोडली. आत स्पर्धेला आलेली अकरा चित्रं होती. आठव्यावर हिरवा-पांढरा झेंडा होता आणि मधोमध बोंड होतं, तीन पाकळ्यांचं. वर लाल शाईत शेरा होता, 'प्रथम क्रमांक'. आणि खाली कोपऱ्यात वळणदार अक्षरात नाव होतं: कु. इंदू वासुदेव राऊत, दहावी, कन्याशाळा.

"श्रावणभाऊ, ह्या कोण?"

श्रावणभाऊंनी चष्मा वर केला आणि नाव वाचलं.

"वासुदेव राऊताची पोरगी? अवं, ते तं घनश्याम टेलरची बायको होय."

प्रेरणा तिथंच खाली फरशीवर बसली. इतके दिवस तिनं ज्या गोष्टीचा पाठपुरावा केला होता, ती हातात आली होती. आणि ती छापली तर ज्या घरातला सोलेभात ती खात होती, त्या घराची सगळ्या गावासमोर शोभा होणार होती. न छापावी, तर पुस्तिकेत सरळसरळ खोटं जाणार होतं, तिच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चित्राचा फोटो गोपालसमोर ठेवला. त्यानं मशीन थांबवलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे पान छापू नका."

"गोपाल..."

"माह्या बाबाले सत्काराच्या दिवशी खोटं पाडसान? त्या माणसानं आयुष्यात एक गोष्ट मिरवली नाही. लोकं झेंडेवाले म्हणतात, एवढंच काय ते त्याईचं."

"आणि तुमच्या आईचं नाव? ते काय?"

"आईनं मागितलं का कधी?"

"मागितलं नाही म्हणून तिचं नव्हतं का?" प्रेरणानं फोटो त्याच्यापुढे सरकवला. "मी छापणार आहे. पहिल्यांदा तुम्हाला सांगायले आली, कारण मागून कळलं असतं तर तुमच्याकडे मान वर करून पाहता आलं नसतं मले."

गोपाल मशीनकडे वळला. त्यानं मशीन सुरू केलं. खाली कापडच नव्हतं, तरी मशीन चालत राहिलं.

चार दिवस ती साडेपाचच्या एसटीनं घरी गेली. आईला वाटलं, पोरीला बरं नाही. बरं नव्हतंच. जेवण जाईना, फोन सारखा उलटा करून ठेवायची आणि सारखा सुलटा करून बघायची. आपण बरोबर आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्यानं तिळमात्र बरं वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या दारात इंदुताई येऊन उभ्या राहिल्या.

"दाखव बरं तो कागद."

प्रेरणानं चित्र टेबलावर ठेवलं. इंदुताईंनी आधी पदराला हात पुसले, मग नावावरून बोट फिरवलं.

"अक्षर चांगलं होतं माहं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. "घरी न सांगता पाठवलतं. पहिला नंबर आला. म्हणे स्टेजवर या बक्षीस घ्यायले. माहे बाबा असे कडक... पोरीचं नाव माईकवर घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद. इकडं झेंडा शिवायले यांच्याकडं दिलता. मी पाहायले गेली, तं यांनी बियाण्याच्या कॅलेंडरवर पाहून पाच पाकळ्या टाकल्या! मी भांडली. चांगली तासभर भांडली."

"मग?"

"मग रडली. यांनी पाणी दिलं. सगळं सांगितलं मी त्याईले. आणि म्हटलं, स्टेजवर तुम्हीच जा, तुमचंच म्हणून सांगा. समितीत आमच्या शाळेच्या बाई होत्या, त्याईनं सांभाळून घेतलं. हे गेले. माह्यासाठी गेले, बापा. दोन वर्षांनी लग्न झालं आमचं." त्या हसल्या आणि हसतानाच त्यांचे डोळे भरले. "किती खेपा म्हणाले, सांगून टाकू. मीच शपथ घातली. आधी बाबाची भीती होती. बाबा गेल्यावर वाटलं, आता कायले. चार दिवसांखाली गोपालनं जेवताना विचारलं. यांनी हातातली भाकर ताटात ठेवली अन् म्हणाले, खरं आहे. असे मोकळे झाले, पोरी... मले वाईट वाटलं, इतकी वर्षं मीच त्याईले कोंडून ठेवलं."

"काकू, मी काय करू?"

"छाप. हे म्हणाले, प्रेरणाले सांग, पान बदलू नको."

गोपालबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि प्रेरणाला विचारायचा धीर झाला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नगरपरिषदेच्या पटांगणात मंडप भरला होता. पुस्तिका वाटल्या गेल्या होत्या. प्रेरणा एका बाजूला, खांबाला धरून उभी होती. घनश्यामकाकांचं नाव पुकारलं. ते वर गेले, शाल अंगावर पडायच्या आधीच त्यांनी हात आडवा केला आणि माईक मागितला. जन्मात कधी माईकवर न बोललेला माणूस. घसा दोनदा खाकरला.

"झेंडा मी शिवला. काढला तो आमच्या घरच्या बाईनं. अन् त्यातल्या पाच पाकळ्या, ते माही चूक. चाळीस वर्षं तिनं पोटात ठेवली." मग त्यांनी खालच्या रांगेकडे पाहिलं आणि शाळेत हजेरी घेतात तसं स्पष्ट म्हटलं, "इंदू वासुदेव राऊत."

मंडपातल्या माना खालच्या रांगेकडे वळल्या. मग बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. इंदुताई आधी नको नको करत होत्या. मग उठल्या. स्टेजच्या पायऱ्यांवर काकांनी हात पुढे केला. भर गावात त्यांनी तो धरला आणि वर गेल्या. प्रेरणा ढसाढसा रडली. रुमाल सापडेना.

"घ्या."

शेजारी गोपाल उभा होता. हातात पांढरा रुमाल, नवाकोरा, कडेला बारीक शिलाई.

"मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," तो म्हणाला. "म्हणजे... पहिल्या दिवशी रागावलो. मग स्वतःवरच. तोंड दाखवायची लाज वाटून राह्यलती."

"चार दिवस जेवली नाही मी."

"मीही. आई म्हणे, बाप मोकळा होऊन पोटभर जेवते, अन् पोरगा..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आज तुमचं काम संपलं ना?"

"संपलं. सोमवारपासून यायचं कारण नाही."

"कारण मी देतो... दिलं तर चालेल?" त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "प्रेरणा, तू आवडतेस मले. खूप. पण हे असं रेकॉर्ड रूमच्या नावाखाली नको. माह्या आईनं लपवलं तं चाळीस वर्षं गेली. मले तुह्यं नाव कोणापासून लपवायचं नाही, अन् माहं नाव तू लपवावं असंही वाटत नाही. उद्या राळेगावले येऊ का? तुह्या बाबाले भेटायले. दिवसाढवळ्या, आईबाबाले घेऊन."

बाबा काय म्हणतील, आई काय म्हणेल, सगळं एकदम प्रेरणाच्या डोक्यात आलं. दोन महिने पावणेसातच्या एसटीत बसून ती जे बोलायला घाबरत होती, ते आता बोलायचं होतं. तिनं रुमालानं नाक पुसलं, फोन काढला आणि त्याच्यासमोरच घरी लावला.

"हॅलो, बाबा? ... हो, झाला कार्यक्रम. बाबा, ऐका ना... रेकॉर्ड रूमचं काम एवढं नव्हतंच कधी. मी खोटं बोलली तुमच्याशी." गोपाल तिच्या शेजारी ताठ उभा होता. "उद्या घरी पाहुणे येतील. ... नाही बाबा, कामाचे नाही. माह्या पसंतीचे आहेत."

पलीकडून बाबांचा आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की गोपाललाही ऐकू गेला.

"त्याचं नाव काय, बेटा?"

"गोपाल," प्रेरणा म्हणाली. आणि बाजूची दोन माणसं वळून बघायला लागली तरी तिनं आवाज खाली केला नाही.