मंगळवारची पुंगळी

फोन आला तेव्हा रोझमरी वुथरिश तव्यावरची बटाट्याची रोश्टी उलटत होती.

"बाई, सुथनला नेलं." सुथनच्या बायकोचा, कलैवाणीचा आवाज फाटला होता. "एबरसोल्टचा खून त्यानं केला म्हणतात. तुमच्याच क्लबात घेतली ना त्यानं ती रायफल? काहीतरी करा."

रोश्टी करपून गेली. रोझमरीनं कोट चढवला आणि थेट पोलीस चौकी गाठली.

शेतकरी एबरसोल्ट मंगळवारी दुपारी स्वतःच्या कुरणात मरून पडला होता. गावच्या नेमबाजी क्लबाचं घर एका टोकाला, निशाणं दुसऱ्या टोकाला, आणि मधे हे कुरण. गोळ्या त्याच्या गवतावरून जायच्या. पुढच्या वर्षापासून जाऊ देणार नाही, असं त्यानं जाहीर केलं होतं. म्हणजे क्लबाला कुलूपच.

गोळी त्याच्या छातीतून आरपार गेली, ती काही सापडली नाही. गवताच्या कोठारामागच्या झाडोऱ्यात मात्र काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली. पोलिसांनी गावातल्या सगळ्या जुन्या लष्करी रायफली गोळा करून तपासल्या. पुंगळीच्या बुडावरचा पिनेचा ठसा जुळला तो सुथनच्या रायफलीतल्या बोल्टशी, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायच्या सुट्या दांड्याशी.

सुथन वृद्धाश्रमात आचारी. आईबाप श्रीलंकेतून आलेले, पण त्याचा जन्म इथलाच, आणि लाल स्विस पासपोर्ट दोन वर्षांपूर्वी हातात पडलेला. रविवारी चार गोळ्या झाडाव्यात, चार माणसांत बसावं, एवढीच त्याची हौस. त्यासाठी त्यानं क्लबाचा अध्यक्ष रुएदी याची जुनी रायफल विकत घेतली. रुएदी रोझमरीचा थोरला भाऊ. त्याच्याकडे दोन होत्या, एक स्वतःची, एक बाबांची. स्वतःची त्यानं विकली. कराराचा कागद क्लबाची चिटणीस म्हणून रोझमरीनंच भरला होता.

"त्याचं एबरसोल्टशी भांडण झालं होतं," हवालदार झाउग म्हणाला. "एबरसोल्टनं त्याला सुनावलं, तुमच्या जंगलात जाऊन गोळ्या उडव म्हणून. हा सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं कुरण काय जन्मभर पुरणार आहे का."

"तोंडाला येईल ते बोलतो माणूस. सुथनचं म्हणणं काय?"

"म्हणतो, शनिवारी करार झाला तेव्हा नुसती रायफल मिळाली. बोल्ट रुएदीनं बुधवारी आणून दिला. रुएदी म्हणतो, शनिवारीच दिला." झाउगनं कागद पुढे सरकवला. "आणि हे अक्षर तुमचं. 'बोल्टसह, पूर्ण.'"

या गावात रायफल माळ्यावर आणि बोल्ट स्वयंपाकघरातल्या खणात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त. कराराच्या दिवशी बोल्ट कोण बघतो? ती ओळ रोझमरीनं आजवर शंभरदा डोळे मिटून लिहिली होती.

"मी न बघता लिहिलं."

"ते आता सांगताय, बाई. कोर्टात कागद बोलतो."

"बोल्टवरचा नंबर रायफलीशी जुळतो?"

"नाही. पण जुना लष्करी माल. निम्म्यांचे जुळत नाहीत."

"फोटो आहे?"

फोटोत बोल्टची ओढायची मूठ तपकिरी होती, कडेला टवका उडालेली. रोझमरी बराच वेळ बघत राहिली. इथून उठावं, घरी जावं आणि पांघरूण घेऊन पडावं असं तिला वाटलं.

"रुएदीच्या दुसऱ्या रायफलीचं काय?"

"स्वच्छ निघाली. कालच परत केली."

"माझ्याबरोबर त्याच्याकडे कॉफीला चला," ती म्हणाली. "कराराचा कागद घ्या."

रुएदीनं दार उघडलं, झाउगला बघून हसला. "क्लबात भरती होतोस की काय रे?"

"बाबांची रायफल दाखव," रोझमरी म्हणाली.

"आता? पोलिसांनी तपासलीय ती."

"मला बघायचीय. बाबांची आहे."

तो माळ्यावरून रायफल घेऊन आला. बोल्ट खणातून काढताना त्याचा हात जरा रेंगाळला. मग त्यानं तो टेबलावर ठेवला. मूठ राखाडी होती, धातूची.

रोझमरी खुर्चीत बसली.

"रविवारच्या सरावाला तू हीच रायफल आणली होतीस. सराव संपल्यावर प्रत्येकाची रायफल रिकामी आहे की नाही हे मी बोट घालून तपासते. तुझीही तपासली. तेव्हा मूठ तपकिरी होती, टवका उडालेली. तो टवका मी नऊ वर्षांची असताना बोल्ट फरशीवर पाडल्यामुळे उडाला. बाबांनी मला बदडलं होतं. ती मूठ मी विसरेन?"

रुएदीनं खण ढकलून बंद केला.

"म्हणजे रविवारी तो बोल्ट तुझ्याकडे होता. मग शनिवारी सुथनला कसा मिळाला असेल? मंगळवारी तू कोठारामागे थांबलास. शिकारी असतास तर एक गोळी झाडून निघून गेला असतास, पुंगळी आतच राहिली असती. पण तू साठ वर्षं निशाणावर झाडतोयस. गोळी सुटली की तुझा हात आपसूक बोल्ट ओढतो. पुंगळी उडाली आणि झाडोऱ्यात हरवली. ती कुणाला ना कुणाला सापडणार, हे तुला कळलं. म्हणून बुधवारी तू बाबांचा बोल्ट सुथनला देऊन टाकलास आणि त्याच्या रायफलीचा बोल्ट स्वतःकडे ठेवलास. तो नवशिका, त्याला काय कळणार? झाउग, नंबर बघा."

झाउगनं राखाडी बोल्ट उचलून करारावरच्या रायफलीच्या नंबराशी ताडून पाहिला. "जुळतो."

"एबरसोल्टनं ते मैदान मोडलं असतं," रुएदी म्हणाला. "आपल्या बाबांनी उभं केलेलं. मी तीनदा त्याच्या दारात गेलो, हात जोडले. कुत्रं सोडलं माझ्यावर."

"आणि सुथननं काय केलं होतं तुझं?"

"तो तरुण आहे. दहा-बारा वर्षांनी सुटेल. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, रोझमरी."

"त्याला दोन मुली आहेत."

"ठाऊक आहे."

झाउगनं बोल्ट खाली ठेवला. "बाई, आतापर्यंतच्या या कॉफीवरच्या गप्पा, जबाब नव्हे. नुसता नंबर जुळला तर वकील म्हणेल, विकताना बोल्टांची अदलाबदल झाली. रविवारचा बोल्ट पाहिलेल्या तुम्ही एकट्या. आणि तुम्ही बहीण. कायद्यानं तुम्हाला गप्प राहता येतं. हे सांगणं मला भाग आहे."

रुएदीनं तिच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. तो काही मागत नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. गप्प राहिली तर एक निरपराध माणूस जाणार, बोलली तर भाऊ. तिसरी वाट तिनं खूप शोधली. ती नव्हतीच.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, न बघता लिहिलेल्या त्या ओळीसकट. सही करताना अक्षर वाकडं आलं.

रुएदी उठला. बूट पायात सरकवले आणि तसाच अडून राहिला. हिवाळ्यात कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला वाकता येत नव्हतं. रोज सकाळी रोझमरीच येऊन त्याच्या लेस बांधायची. ती आताही गुडघ्यांवर बसली.

"राहू द्या, बाई," झाउग हलकेच म्हणाला. "कोठडीत लेस काढूनच घेतात."

तिनं दुहेरी गाठ मारली. मग दुसरा पाय ओढून घेतला.