बदलीचा माणूस

हसायचं तर खुशाल हसा. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची हकिगत आहे, आणि मावशीने जन्मात कधी थाप मारलेली नाही. वेळही रात्रीची नाही. भर दुपारचे चार.

मावशीचे वडील, आमचे आबा, जुने फौजी. रोज चार वाजता बूट चढवून लंगडत लंगडत फाटकाशी जायचे आणि सहापर्यंत येरझाऱ्या घालायचे. ऊन असो, ताप असो.

"आबा, चोरसुद्धा म्हातारे झाले आता, या आत!" मावशी चिडवायची. ते टाचेवर वळून पुढची फेरी सुरू करायचे.

जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी तोंड उघडलं.

तरुणपणी युद्धात, डोंगरावरच्या चौकीत त्यांचा जिवलग दोस्त पहाऱ्यावर होता. लांब्या म्हणायचे त्याला. चार वाजता आबांनी जाऊन त्याला मोकळं करायचं होतं. फौजेचा नियमच तसा. बदलीचा माणूस येऊन "पहारा घेतला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही.

पावणेचारला माघारीचा हुकूम आला. आबा ट्रकमध्ये चढले. लांब्याला कुणीतरी कळवलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्येकालाच तसं वाटलं.

पुढे तह झाला. नकाशावरची रेघ सरकली, चौकी पलीकडच्या देशात गेली. लांब्याचं नाव बेपत्तांच्या यादीत लागलं. सरकारं बदलली, दोन्हीकडचे पुढारी हात मिळवून फोटो काढून मोकळे झाले. आबा फाटकाशीच.

"तो अजून वाट बघतोय गं," म्हणाले आणि ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी गेले.

मावशीने त्यांचे बूट देऊन टाकले.

आठव्या दिवशी ती चहा गाळत होती. चार वाजले...

फाटकाशी बूट वाजले.

टाक... टाक... टाक...

तिने खिडकीतून पाहिलं. कुणीच नाही. फाटकाशी पसरलेला कुत्रा तेवढा शेपूट घालून पळाला होता.

सहाला आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही दिवशी.

मावशीचा जीव तुटला. मेल्यावरही बापाची सुटका नाही म्हणजे काय? चौथ्या दिवशी ती तडक फाटकाशी गेली. मोठ्याने म्हणाली, "पहारा घेतला. जा आता, आराम करा."

बूट थांबले.

मग अगदी कानाशी... एक आवाज. आबांचा नव्हे. कोवळ्या तरुणाचा, थंडीने कापणारा.

"किती उशीर केलास रे..."

आणि पावलं लांब गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. आबा लंगडायचे. ही पावलं एकसारखी पडत होती.

बूट पुन्हा वाजले नाहीत. सुटला बिचारा लांब्या.

पण मावशी?

तिचं लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. सामान बांधलेलं तसंच पडलंय. चार वाजले की ती फाटकाशी जाते. सहापर्यंत हलत नाही. एकदा मी आणि धाकट्या भावाने तिला दंडाला धरून ओढलं, तर केवढ्यांदा किंचाळली! "अरे सोडा मेल्यांनो, मला जागा सोडता येत नाही!"

परवा तिचा फोन आला.

"एकदा चारला येऊन जा ना रे. दोनच शब्द बोलायचेत तुला."

मी "येतो" म्हणालो...

अजून गेलो नाही. वाटलं, धाकटा गेला असेल.

आज त्याला विचारलं. त्याला वाटलं होतं, मी गेलो असेन.