साडेनऊ सेंटिमीटर

वळणदांडीचा हिरवा दिवा लागला. कालिंदी मेस्त्रीने केसांची एक बट तिच्या गरम नळीभोवती सैलसर गुंडाळली, दहा आकडे मोजले आणि बट सोडवून तळहातावर निवत ठेवली. 'मार्गस्थ' यानाच्या फिरत्या कड्यातली ही पलंगाएवढी खोली म्हणजे अकरा महिन्यांपासूनचं तिचं घर. दर रविवारी इथे बसून ती केसांना मऊ लाटा पाडायची आणि मग पृथ्वीवरच्या लेकीसाठी निरोप चित्रित करायची. आई टवटवीत दिसावी, एवढाच हेतू. आज मात्र हात वर धरून ठेवणंही जिवावर आलं होतं.

यानातले सहाही जण असेच थकले होते. जेवताना कोणी बोलत नसे. व्यायामाला गेलेला माणूस निम्म्या वेळातच परतायचा. रक्ताचे अहवाल निर्दोष होते. डॉक्टर मुजावरांनी सगळ्यांच्या नोंदीत 'प्रवासाचा शीण' असं लिहिलं होतं. मंगळावर उतरायला नऊ दिवस उरले होते.

तासाभराने कालिंदीने आरशात पाहिलं. खांद्याजवळच्या लाटा जशाच्या तशा होत्या, पण मुळाकडचे केस सपाट पडले होते. गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. तिने पट्टी घेतली. प्रत्येक बटेत लाट मुळापासून सहा सेंटिमीटरवर सुरू होत होती. ती तशीच डॉक्टरांकडे गेली.

"हवा दमट झाली असेल," ते म्हणाले.

"मग लाट सगळीकडेच मोडली असती. उष्णतेने केसातले हायड्रोजन-बंध सुटतात आणि निवताना नव्या आकारात जुळतात. पण तो आकार टिकायला आतला सांगाडा पक्का लागतो, गंधक-बंधांचा. माझ्या नव्या केसांत तो कच्चा आहे."

डॉक्टर सरळ बसले. "केस महिन्याला बारा मिलिमीटर वाढतो. म्हणजे पाच महिने."

पाच महिन्यांपूर्वी डाळीचं पीठ संपलं होतं. तेव्हापासून सगळे कालिंदी सांभाळत असलेल्या टाक्यांतल्या शैवालपीठावर जगत होते.

"शैवालाच्या कितीतरी पिढ्या झाल्या," ती हळूच म्हणाली. "गंधकाची प्रथिनं बनवणं त्याने सोडलं असणार. मी एकूण प्रथिनं मोजत राहिले. ती बरोबर यायची."

"आणि मी रक्त तपासत राहिलो. शरीर रक्ताला कमी पडू देत नाही, त्यासाठी स्नायू मोडून घेतं. आणि हृदयही स्नायूच आहे, कालिंदी. जोर पडेपर्यंत ते बोलत नाही." उतरताना शरीरावर पाचपट भार येणार होता. तो किती वेळ, हे दोघांनाही पाठ होतं.

मोहीमप्रमुख सुहासिनी दाभाडेंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. या उतरण्यासाठी त्यांनी सव्वीस वर्षं घालवली होती. हल्ली चालताना कोणी आधार द्यायला गेलं, तर त्या दंड सोडवून घेत.

"एका बाईच्या केसांवरून मी मोहीम थांबवू?"

"बाकी चौघांचे केस बोटभरही नाहीत, बाई," कालिंदी म्हणाली. "लांब केस फक्त आपल्या दोघींचे."

दाभाडेबाईंनी अंबाडा सोडला.

कालिंदीने त्यांच्या पिकलेल्या केसांच्या तीन बटा वळवल्या. तास जाईपर्यंत तिघंही बसून राहिले. बाईंनी तिच्या लेकीची चौकशी केली, ती कितवीत आहे ते विचारलं. मग कालिंदीने पट्टी लावली, आणि पुन्हा लावली. तिन्ही बटांत तोच आकडा आला.

"साडेनऊ."

"म्हणजे आठ महिने," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा तर डाळ होती. आणखी तीन महिने पुरली ती."

कालिंदीच्या लक्षात आलं. तिच्या हिशेबाने तेव्हा उरलेलं डाळीचं पीठ सहा जणांना अडीच महिनेच पुरणार होतं. तीन महिने पुरलं, तेव्हा आपलंच मोजमाप चुकलं असं तिने धरलं होतं. चुकलं नव्हतं. खाणारी माणसं पाचच होती.

"तुम्ही तुमचा वाटा डब्यात परत टाकत होतात."

"शैवालाने पोट भरत होतंच की," बाई म्हणाल्या. "तुम्हाला डाळीची चव आणखी थोडे दिवस मिळावी, एवढंच. त्यात काही बिघडेल असं कोणाला वाटलं होतं?"

डॉक्टरांनी खाली पाहत सांगितलं, "बाकीचे पाच जण कदाचित उतरू शकतील. तुम्ही नाही."

"कदाचित?"

"त्याहून जास्त मी म्हणू शकत नाही."

बाईंनी बोलयंत्राचं बटण दाबून चालकाला सांगितलं, "उतरणं रद्द. यान परतीच्या मार्गाला लाव. परतीचा शिधा आजच फोडा, त्यात डाळ आहे, अंड्यांची भुकटी आहे. सगळ्यांना सारखं वाढा." बटण सोडण्याआधी त्या म्हणाल्या, "मलाही."

मग त्या उठायला गेल्या आणि दोन्ही हातांनी टेबल धरून तशाच थांबल्या. कालिंदीने त्यांचा दंड धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाईंनी तो सोडवून घेतला नाही.