पाचव्यानंतर

लोणारहून बीबीला जाणारी एसटी वीस मिनिटं उशिरा सुटली, आणि विंग कमांडर राजूरकरांना तेवढंच बरं वाटलं. आठ महिने टाळलेलं काम आणखी वीस मिनिटं टळलं.

झुंबरबाईंचं घर गावाच्या कडेला. दारात वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण, आणि वर कडुलिंबाच्या फांदीला सुतळीने टांगलेलं पितळी ओगराळं. बाजूला एक बाज होती. राजूरकर तिच्यावर बसायला गेले.

"थे हर्षलची हाये जी. तुमी इकडं ओट्यावर बसा," बाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा हर्षल लढाऊ विमान चालवायचा. उडता उडता दुसऱ्या विमानातून इंधन घ्यायचा सराव चालला होता. पुढच्या विमानातून नळी सोडतात, तिच्या टोकाची टोपली वाऱ्यावर हेलकावत असते. मागच्याने आपल्या विमानाची सोंड नेमकी तिच्यात घालायची. पाच वेळा हुकलं की परत फिरायचं, असा नियम, कारण पुढे हात थकतो. पण सराव कमी पडला तर माणूस लढाईत मरतो, आणि जास्त ताणला तर सरावात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

इंधनाच्या विमानात बसून राजूरकर सराव घेत होते. तुकडीत तयार वैमानिक कमी होते, वरून विचारणा होत होती. हर्षल म्हणाला, "सर, पाच झाले. परत फिरू?" राजूरकर म्हणाले, "आणखी एकदा." त्या सहाव्या वेळी, दुपारी तीन चाळीसला, हर्षलचं विमान कोसळलं.

अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, वैमानिकाने परतीचा हुकूम मानला नाही. मेलेला माणूस कैफियत देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारचे तीन चाळीस झाले. वारा पडला होता, कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. ओगराळं हललं.

रांजणाच्या काठावर टण्णकन आपटलं, मागे गेलं, पुन्हा आलं. राजूरकरांनी न ठरवता मोजलं. पाच.

मग ते तिरकं होऊन अधांतरीच थांबलं. सुतळी ताणलेली. अंगणात रॉकेलसारखा, विमानाच्या इंधनाचा वास आला.

"रोज असंच होते," झुंबरबाई म्हणाल्या. "पाच डाव वाजते, मंग दिवस बुडेलोक वाट पाहत राह्यते. काऊन, मले समजत नाही." त्यांनी राजूरकरांकडे पाहिलं. "कागदात लिवलं होतं, पोरानं आयकलं नाही म्हनून. माह्या हर्षलनं कधी कोनाचं मोडलं नाही जी."

राजूरकरांना रडू फुटलं. "त्याने ऐकलं होतं, बाई. सहाव्यांदा जा म्हणून मीच सांगितलं. तसं लेखी देतो."

झुंबरबाईंनी ओगराळ्याकडे बोट केलं.

"मले नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्याले सांगा."

राजूरकर उठून ओगराळ्यासमोर उभे राहिले.

"हर्षल... पुरे. परत ये."

सुतळी सैल झाली. ओगराळं सरळ लोंबू लागलं.

झुंबरबाई पदराने डोळे पुसत ताट वाढायला आत गेल्या.

राजूरकरांच्या शेजारची रिकामी बाज हळूच करकरली, आणि मधोमध दबली.