सातवी डबी

तुम्ही कधी टेलिफोनच्या पोटातली कंडेन्सरची डबी हातात घेतली आहे का? काडेपेटीहून जरा मोठी, पत्र्याची, तोंडाला मेण ओतलेलं. घंटेची वीज तिच्यातून जाते. ती डबी मेली की घंटा मुकी. पलीकडचा माणूस कितीही मूठ फिरवो, अलीकडे काही वाजत नाही.

आमच्या ह्यांचं, दयारामांचं, टेलिफोन दुरुस्तीचं काम. धरमतरच्या खाडीकाठी मिठागराची कचेरी होती आणि मैलभर लांब, बांधावर, उघाडीचं झोपडं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी दारं असतात, ती उघाडी. दोन्हीकडे एकेक टेलिफोन. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडायला लागली की उघाडीवरच्या राखणदाराने, भागोजीने, एक लांब, दोन आखूड अशी घंटा द्यायची आणि कचेरीने गाव बोलवायचं.

एकोणीसशे तेहतीसच्या पिठोरी अमावास्येला कचेरीत घंटा वाजली नाही. खांड पडली, भातं खाऱ्या पाण्यात गेली, भागोजी वाहून गेला. कचेरीच्या वहीत शेरा पडला : राखणदार झोपला होता.

पुढच्या पिठोरीला भर दुपारी पावसाने इतकं अंधारलं, की मी कंदील लावला. कचेरीचं बंद पडलेलं यंत्र आमच्याकडे येऊन पडलं होतं. त्याची एक आणि जुन्या यंत्रांतल्या सहा, अशा सात डब्यांतून चांगली कोणती ते ओळखायचं होतं. खाऱ्या हवेने वरचे ठसे खाल्लेले. मग डबीला बॅटरीच्या तारा लावायच्या, काढायच्या, वीस आकडे मोजायचे आणि ती रिसिव्हरला जोडायची. कानात टक् झालं, तर डबीने वीज धरली. नाही तर मेलेली. ह्यांची नजर अधू झाली होती, म्हणून हे काम माझ्याकडे.

तेवढ्यात भागोजीची बायको ठमाबाई भिजत दारात आली.

"आज वरीस झालं, राहीबाय. पोरं अजून मला झोपाळूची बायको म्हणून चिडवतात. अगं, दमेकरी माणूस त्यो! रातभर खोकून मला जागवायचा. त्यो कवा झोपला?"

"बसा वहिनी," हे म्हणाले. "कोरड्या व्हा आधी."

मी मान वर केली नाही. सहा डब्या झाल्या. तीन बोलल्या, तीन गप्प. सातवी कचेरीच्या यंत्रातली. जुनी वीज उरली असेल तर निघून जावी म्हणून मी ती आधी नुसतीच रिसिव्हरला जोडली आणि मग बॅटरी घ्यायला हात पुढे केला.

टर्रर्रर्र... टक्. टक्.

खोलीत एकदम खाडीच्या चिखलाचा वास आला.

"बॅटरी काढलीस ना?" ह्यांनी हळूच विचारलं.

"लावलीच नाही अजून..."

टर्रर्रर्र... टक्. टक्.

एक लांब, दोन आखूड. वर्षभर गिळून ठेवलेलं मग तोंडातून बाहेर आलं. भागोजी गेला त्याच पावसाळ्यात, तो जाण्याआधी, डब्यांवरच्या 'चांगली', 'मेलेली' अशा चिठ्ठ्या ओलीने गळून टेबलावर पडल्या होत्या. मी पेजेच्या खळीने त्या अंदाजाने परत चिकटवल्या आणि ह्यांना बोलले नाही. कचेरीच्या यंत्रात डबी बसवताना ह्यांनी विचारलं, "राही, चिठ्ठी काय म्हणते?" मी म्हटलं, "चांगली."

"ठमाबाई, तो झोपला नव्हता. घंटा माझ्यामुळे मुकी राहिली."

ती उठून टेबलाजवळ आली. आवाज थांबला नाही.

मी डबीपुढे हात जोडले. "सांगितलं ना मी... आता तरी थांबा भागोजीदादा..."

ठमाबाईने टेबलावरचा रिसिव्हर उचलून आपल्या कानाला लावला. तिचा चेहरा बदलला.

"त्यो तुला न्हाय बोलत, राहीबाय. त्याला बदनामीचं काय आता? त्यो खांड सांगतोय. भरती कवाची हाय?"

"साडेबाराची," हे म्हणाले आणि उठलेच.

घड्याळात बाराला दहा कमी होते.

ह्यांनी गावात हाका घातल्या. तीस-चाळीस माणसं फावडी, घमेली आणि पेंढा घेऊन धावली. उघाडीच्या उत्तरेला, जिथून भागोजी वाहून गेला तिथेच, बांध हातभर फुगला होता आणि फटीतून गढूळ पाणी झिरपत होतं. भरती चढेपर्यंत माणसांनी तिथे चिखल आणि पेंढा दाबला. ठमाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून घमेली पुढे देत होती. बांध टिकला.

आम्ही घरी परतलो तेव्हा रिसिव्हर गप्प होता. टेबलाजवळ जायचं मला रात्रभर धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठमाबाईला घेऊन कचेरीत गेले, सगळं सांगितलं, आणि कारकुनाने आमच्यासमोर तो शेरा खोडला. घरी येऊन ह्यांनी सातवी डबी फोडली. मेणाचं तोंड शाबूत होतं, पत्र्याला कुठे भोक नव्हतं. आत बांधाचा काळा चिखल भरला होता, आणि तो ओला होता.