निवळी

आमच्या घरी समुद्र आला तो भाड्याच्या मेटॅडोरमधून, गोणपाटात गुंडाळून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावापासून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र दूरच. माझे यजमान धनराज फ्रिज आणि कूलर दुरुस्त करायचे. नागपूरच्या एका हॉटेलात शोभेची टाकी थंड ठेवणारं यंत्र बिघडलं म्हणून गेले, तर मालक म्हणाला, यंत्र राहू द्या, टाकीच काढून टाकायची आहे. हे टाकीच घेऊन आले. काच, पिंपभर खारं पाणी, थोडे दगड आणि एका दगडावर मुठीएवढं प्रवाळ. त्याच्या अंगभर बारीक फुलं उमललेली होती. प्रत्येक फूल म्हणजे एक जिवंत प्राणी.

"पोवळं तं अंगठीत असते," सासूबाई म्हणाल्या. इंदिराबाईंचं सगळं आयुष्य तलावाची मासोळी विकण्यात गेलं होतं. "हे तं गोबीचं फूल दिसते मले."

"माय, जित्तं हाय ते," धनराज म्हणाले.

"मंग खाते काय?"

हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन आपला सांगाडा बांधतं. समुद्रात हा चुना संपत नाही, टाकीत संपतो. म्हणून रोज तीन गोष्टी घालाव्या लागतात. कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी. पाण्याची अल्कता टिकावी म्हणून तव्यावर भाजलेला खाण्याचा सोडा. आणि मॅग्नेशियमचं मीठ, कारण ते कमी पडलं तर चुना पाण्यातच साकळतो आणि प्रवाळाच्या हाती काही लागत नाही. मी कॉलेजातली एक जुनी ब्युरेट, तोटीची मापाची काचनळी, घरी आणली. सकाळी पाणी तपासायचं आणि मग निवळी थेंब थेंब सोडायची, हे मला पूजेसारखं आवडू लागलं.

सासूबाई तंबाखूला चुना लावता लावता बघत बसायच्या. "टाकी नुसता चुना खाते, तंबाखू नाई मागत. चांगल्या घरची हाय."

ते २००५ साल होतं. वीज दिवसातून कितीदा तरी जायची. धनराजांनी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून पाणी थंड ठेवलं आणि बॅटरीवर पंप चालवला. प्रवाळ मेलं नाही. वाढलंही नाही. त्याची चुन्याची भूक चिमणीएवढी होती.

धानाच्या हंगामात एका राईस मिलच्या छपरावरून धनराज पडले. उजव्या पायाच्या नडगीचे दोन तुकडे झाले. चंद्रपूरला सळई घातली. दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला.

"हाड जुळायला सुरुवातच नाही. होळीपर्यंत पाहू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल, कमरेचं हाड काढून इथे भरावं लागेल. पाय थोडा आखूड होईल. शिडीबिडी विसरा."

परतीच्या गाडीत धनराज खिडकीबाहेर बघत होते. मूल जवळ आल्यावर म्हणाले, "आखूड झालो तं फ्रिजखाली पाहाले सोपं जाईन." मी हसले, कारण त्यांना तेच हवं होतं.

त्यांचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत, टाकीला लागून हलवला. दिवसभर पडून पाण्याकडे बघत राहायचे. पंपाच्या आवाजात झोप चांगली लागते म्हणायचे.

त्याच आठवड्यात टाकीतला चुना कमी व्हायला लागला.

आधी मला वाटलं, माझी चूक. मी द्रावणं नव्यानं बनवली. कॉलेजात पुन्हा तपासून आणली. आकडे तेच. कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही, सांगाडा बांधताना ज्या प्रमाणात लागतात त्याच प्रमाणात, रोज खाली येत होती. चुना साकळला तरी प्रमाण हेच असतं, पण मग कुठेतरी पांढरा थर दिसायला हवा. पंप उघडला. वाळू हातानं चाळली. दगड उलटे करून पाहिले. काच स्वच्छ होती. प्रवाळ मुठीएवढंच होतं.

मी निवळी वाढवली. ती संपली. आणखी वाढवली.

"कोणाले घर बांधून देऊन राह्यली तू?" धनराजांनी विचारलं.

"टाकीलाच विचारा."

"इचारलं. सांगत नाई."

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला मला चामोर्शीला जावं लागलं. जाताना सासूबाईंना बाटली दाखवली. हलवायची नाही, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. संध्याकाळी बसमधून उतरले तर त्या दारातच होत्या, खुशीत.

"वरतं तं नुसतं पाणीच होतं व सूनबाई. असल माल सारा बुडाशी बसला होता. मी काडीनं ढवळून सारा टाकला. पुरते का नाई म्हणून डबीतला बी घातला."

गाळासकट इतका चुना म्हणजे टाकीतलं सगळं मेलेलं असणार. मी चपला न काढताच आत गेले.

पाणी स्वच्छ होतं. प्रवाळाचं एकूण एक फूल उघडं होतं.

"दुधावानी झालं होतं," सासूबाई मागून म्हणाल्या. "मंग हळूहळू गेलं. पेली तिनं."

मी पाणी तपासलं. कॅल्शियम सकाळच्यापेक्षाही कमी होतं.

धनराज भिंतीकडे तोंड करून पडले होते. कपाळ घामानं ओलं. "दुपारी पायात आग झाली रीता. आतून. हाड भट्टीत टाकल्यावानी."

"दुपारी कधी?"

"माय टाकीजवळ उभी होती तवा."

मी पांघरूण बाजूला केलं. नडगीवरची कातडी कोमट होती. वाकून पाहिलं तर तिला वास येत होता. खारा, ओल्या दगडाचा. मी पांघरूण पुन्हा नीट घातलं आणि पायावर हात ठेवून बसून राहिले.

होळीच्या आधीचा एक्स-रे बघून डॉक्टर खुर्चीतून उठले. हाड जुळलं होतं. "काय खाऊ घातलंत यांना?"

"चुना," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर मनापासून हसले.

फिल्म मी खिडकीशी नेली. दोन तुकड्यांच्या मध्ये जिथे पोकळी होती, तिथे आता पांढरा भराव होता. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी वर्तुळं होती, एकाला एक लागून. प्रत्येक वर्तुळाच्या मध्याकडे बारीक रेषा जात होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या.

मी ती मोजली नाहीत. अशी वर्तुळं मी रोज सकाळी प्रवाळावर भिंगातून बघत होते.

"फिल्मवरचे डाग असतील," डॉक्टर म्हणाले.

हाड फॉस्फेटचं असतं, प्रवाळ कार्बोनेटचं. हे मी वर्गात शिकवते.

चैत्रात धनराज काठीशिवाय चालू लागले. टाकीची भूक कमी झाली, पण आधीसारखी चिमणीएवढी झाली नाही. एक ठरावीक मागणी राहिली. शास्त्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एका बाजारच्या दिवशी ते कुणाचा फ्रिज बघायला चामोर्शीला गेले, तेव्हा मी निवळी सोडली नाही. त्यांना काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ते भिंतीला धरून आत आले.

"पाय हलका लागून राह्यला," म्हणाले. "पोकळ बांबूवानी. टेकवाले भेव वाटते." मग टाकीकडे बघून, अगदी सहज, "आज इले उपाशी काऊन ठेवलं?"

चहा ठेवायच्या आधी मी निवळी सोडली. त्यानंतर एकदाही चुकवली नाही.

काल दुपारी टाकीची काच आतून पुसत होते. धनराज ओसरीवर पाय सोडून बसले होते, पाठ माझ्याकडे. सासूबाई तंबाखू मळत होत्या. त्यांच्या तरुणपणी तलावात जाळ्याला म्हैस कशी लागली, ते ऐकून हे हसत होते.

माझी बांगडी प्रवाळाला लागली. फुलं एकदम मिटली.

ओसरीवर धनराजांनी उजवा पाय वर ओढून घेतला. हसणं थांबलं नाही. मान वळली नाही. "मंग म्हशीचं का झालं माय?" त्यांनी विचारलं.

मी हात पाण्यातच ठेवला, जराही न हलवता. पंप चालू होता. बऱ्याच वेळानं एक फूल उघडलं. मग त्याच्या शेजारचं.

बाहेर त्यांनी पाय सरळ केला आणि हळूच खाली टेकवला.